साठीनंतरचे अमान : एका निवृत्तीचं प्रकरण

१९३९ साली पूल-अभियंता ओथमार अमान न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीतून, म्हणजे पूल-बोगदे बांधणाऱ्या सरकारी संस्थेतून, बाहेर पडले, तेव्हा त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली होती. हडसन नदीवरचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल, पोलादी कमानीचा बेयॉन पूल, ट्रायबरो आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालेला ब्रॉंक्स-व्हाइटस्टोन एवढी कामं त्यांच्या नावावर होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाच्या सल्लागार मंडळावरही ते होते. 'साठी बुद्धी नाठी' म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी त्यांच्यावर एक चांगला मृत्युलेख लिहून ठेवला असता, तर तो बऱ्यापैकी पुरा वाटला असता.

पण ते आणखी सव्वीस वर्षं जगले, आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत लांब पूल या सव्वीस वर्षांतला आहे. स्थलांतरित अभियंत्याची गोष्ट सांगताना आपण बहुधा येण्याचा भाग रंगवतो: बोट, पहिली नोकरी, मग यश. उतारवयाचा भाग दोन ओळींत उरकतो. अमान यांच्या बाबतीत तसं केलं तर मुद्द्याचंच राहून जातं. त्यांची निवृत्ती सर्जक ठरली ती नुसत्या उत्साहामुळे नाही. साठीनंतर त्यांना आपल्याच मताकडे परत जाऊन ते तपासावं लागलं, आणि ते त्यांनी केलं, म्हणून.

आधी माणूस. जन्म २६ मार्च १८७९चा, स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाइन नदीकाठी, शाफहाउझेनसमोरच्या फोयरथालेन गावी. आईचे वडील निसर्गचित्रकार होते. शाफहाउझेनला अठराव्या शतकात ग्रूबेनमान या सुताराने ऱ्हाइनवर लाकडी पूल बांधला होता. १७९९ मध्ये फ्रेंच सैन्याने तो जाळला, तरी पुलांच्या इतिहासात त्याचं नाव टिकलं. झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून अमान १९०२ मध्ये अभियंता झाले. तिथे शिकवणारे विल्हेल्म रिटर हे रोबेर मायार यांचेही गुरू. काँक्रीटच्या सडपातळ पुलांसाठी मायार यांचं नाव आजही घेतलं जातं. एकाच वर्गखोलीतून दोघे निघाले. एक मायदेशातल्या दऱ्यांत राहिला, दुसरा समुद्र ओलांडून गेला.

जायला भाग पाडलं ते हिलगार्ड या प्राध्यापकांच्या बोलण्याने. त्यांनी अमेरिकेतल्या रेल्वेवर काम केलं होतं. युरोपात दाढी पांढरी झाल्याशिवाय हाती न येणारी कामं तिथे पोरंसोरं सांभाळतात, असं त्यांचं सांगणं. अमान १९०४ मध्ये न्यूयॉर्कला पोचले ते अनुभव गाठीला बांधून परत यायच्या हिशोबाने. पुढच्या वर्षी गावाकडे जाऊन लिली वेर्ली यांच्याशी लग्न केलं आणि जोडीने पुन्हा अमेरिकेत आले. परतीचा बेत असा कधी मोडला नाही, नुसता लांबत गेला. परदेशी गेलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

२९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडात क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला आणि ७५ कामगार मेले. अमान तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. चौकशीत काम करणारे सी. सी. श्नायडर यांच्याकडे ते आपण होऊन गेले, मला मदत करू द्या म्हणाले, आणि अहवालाच्या कामात गुंतले. पुढच्या प्रसंगांसाठी हे लक्षात ठेवावं लागेल: त्यांच्या घडणीच्या वर्षांतला मोठा धडा पडलेल्या पुलाचा होता.

तो काळच मोठ्या गाळ्यांच्या (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) पुलांचा आणि परदेशातून आलेल्या अभियंत्यांचा. श्नायडर जर्मनीचे, लिऑन मॉइसेफ रीगाचे, राल्फ मोजेस्की पोलंडचे, आणि या सगळ्यांत दांडगे गुस्ताव लिंडेनथाल ब्रनोचे. अमान १९१२ मध्ये लिंडेनथाल यांचे मुख्य सहायक झाले आणि हेल गेट रेल्वे पुलावर लागले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं तसे ते काम सोडून स्वित्झर्लंडला गेले, कारण तिथल्या सैन्याचं बोलावणं आलं होतं. काही महिन्यांनी परतले. दहा वर्षं परदेशात काढलेल्या, बायकामुलं असलेल्या माणसाने हे करावं यावरून मन कुठे होतं ते कळतं. अमेरिकेचं नागरिकत्व त्यांनी घेतलं ते थेट १९२४ मध्ये.

युद्धात पुलांची कामं आटली. लिंडेनथाल यांनी त्यांना न्यू जर्सीतल्या एका चिनीमातीच्या खाणीचा आणि कारखान्याचा कारभार पाहायला बसवलं. पूल बांधणारा माणूस तीनेक वर्षं माती विकत होता, आणि तोट्यातला धंदा त्याने नफ्यातही आणला. चरित्रात हा भाग गमतीसारखा येतो, पण त्याचा धागा पुढे पोचतो. या धंद्यात भागीदार असलेले जॉर्ज सिल्झर १९२२ च्या निवडणुकीत न्यू जर्सीचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्यांनी अमान यांना पुलाच्या नव्हे, खाणीच्या कामात पारखलं होतं.

लिंडेनथाल यांचं स्वप्न हडसनवर मॅनहॅटनच्या मध्यभागी, ५७व्या रस्त्याशी पूल बांधण्याचं होतं. डझनभर रेल्वेमार्ग, वीस पदरी रस्ता, आणि खर्च असा की कुणी पैसे टाकायला पुढे येईना. अमान सांगत राहिले की पूल शहराच्या वरच्या टोकाला, फक्त मोटारींसाठी आणि पुष्कळ हलका बांधला तर होईल. गुरूने ऐकलं नाही. १९२३ मध्ये दोघांची वाट फुटली. त्या डिसेंबरात अमान यांनी आईला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. तीन वर्षं वेळ आणि पैसा ओतलेला प्रकल्प ढासळला, एका प्रतिभावंताच्या भव्यतेच्या भ्रमापुढे आपलं काही चाललं नाही, असं त्यांनी त्यात लिहिलं. चव्वेचाळीस वर्षांचा, घरात तीन मुलं असलेला, हाताला पगार नसलेला माणूस ही कबुली देतो ती समुद्रापलीकडच्या आईला. त्यानंतर सुमारे दीड वर्ष ते न्यू जर्सीतल्या गावोगावच्या सभांतून आपल्या पुलाची बाजू मांडत, नकाशे दाखवत फिरले. सिल्झर पाठीशी उभे राहिले. १९२५ मध्ये पोर्ट ऑथॉरिटीने पूल मंजुरीच्या वाटेला लावला आणि अमान यांना नोकरीवर घेतलं.

पुढची चौदा वर्षं लवकर सांगून टाकतो, कारण ती सर्वांना माहीत आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचं काम १९२७ मध्ये सुरू झालं आणि तो ऑक्टोबर १९३१ मध्ये, ठरल्या मुदतीच्या आधी आणि अंदाजपत्रकाच्या आत उघडला. त्याचा मधला गाळा ३,५०० फूट, म्हणजे तोवरच्या विक्रमी डेट्रॉइटच्या अँबॅसडर पुलाच्या १,८५० फुटांच्या जवळजवळ दुप्पट. मनोऱ्यांना दगडी आवरण घालायचं ठरलं होतं, मंदीत पैसे नव्हते म्हणून पोलाद उघडंच राहिलं, आणि वास्तुशिल्पकार ल कॉर्ब्युझिए यांनी तोच जगातला सर्वांत सुंदर पूल ठरवला. दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, लिली वारल्या. धाकटी मार्गो तेव्हा शाळकरी होती. १९३५ मध्ये अमान यांनी क्लारी नॉट्झली यांच्याशी लग्न केलं. त्या मूळच्या स्वित्झर्लंडच्याच, एका स्विस अभियंत्याच्या विधवा. तीस वर्षं न्यूयॉर्कच्या परिसरात राहूनही घरातली भाषा, माणसं आणि जेवायच्या टेबलावरचे विषय बदलले नाहीत, असा याचा अर्थ मी लावतो.

याच वर्षांत, न्यूयॉर्कचे रस्ते-पूल ठरवणारे बडे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांच्या ट्रायबरो ऑथॉरिटीचं मुख्य अभियंतापदही त्यांच्याकडे होतं. एकाच वेळी दोन सरकारी संस्था, शिवाय लिंकन बोगदा. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या वाट्याला चित्र काढणं कमी आणि सह्या करणं जास्त येतं. १९३९ मध्ये त्यांनी हे सोडलं आणि स्वतःचं सल्लागार कार्यालय थाटलं.

आता या प्रकरणातला अवघड भाग.

१९३० च्या दशकात झुलते पूल बारीक होत चालले होते. त्यामागे डिफ्लेक्शन थिअरी होती. लांब गाळ्यात केबल आणि रस्त्याचं वजन स्वतःच पुष्कळसा भार सावरतात, त्यामुळे रस्त्याला ताठ ठेवणाऱ्या कैच्या (पोलादी पट्ट्यांच्या त्रिकोणी जाळीच्या चौकटी) जितक्या जाड समजल्या जात तितक्या लागत नाहीत, असा तिचा मथितार्थ. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन पुलापासून ती वापरात रुजवली मॉइसेफ यांनी, आणि ते अमान यांचे सल्लागार. जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर १९३१ मध्ये ताठपणाच्या कैच्या नव्हत्याच. पण तो पूल रुंद आणि प्रचंड वजनाचा होता. वाऱ्याला दाद द्यायची तर आधी तेवढं वजन हलायला हवं. व्हाइटस्टोनला अमान यांनी त्याही पुढे जाऊन कैच्यांच्या जागी ११ फूट उंचीचे सपाट गर्डर, म्हणजे भरीव पोलादी तुळया, लावले. २,३०० फुटांच्या गाळ्यावर ती रेघ इतकी नाजूक दिसे की पाहणाऱ्याने थबकावं. पूल वाऱ्यात थोडा हलतो, हे मात्र सुरू झाल्यावर लगेच कळलं.

७ नोव्हेंबर १९४० रोजी वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज पूल, उघडून चार महिने झाले असताना, ताशी चाळीसेक मैलांच्या वाऱ्यात पिळवटून तुटला. त्याच्या रस्त्याचा आराखडा मॉइसेफ यांचा. गाळा २,८०० फूट, रुंदी जेमतेम ३९ फूट, गर्डर ८ फुटांचे. व्हाइटस्टोनचाच तो अधिक बारीक, अधिक अरुंद भाऊ. चौकशीला तिघे नेमले: थिओडोर फॉन कारमान, ग्लेन वुडरफ आणि ओथमार अमान.

त्यांच्या जागी बसून पाहावं. निवृत्ती घेऊन वर्ष झालं आहे. आपला जुना सहकारी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. आणि ज्या कल्पनेची चौकशी करायची ती आपल्याच ताज्या पुलावर, न्यूयॉर्कमध्ये, रोज हजारो गाड्यांखाली डोलते आहे. मार्च १९४१ च्या अहवालाने मॉइसेफ यांना बळीचा बकरा केलं नाही. पूल तेव्हाच्या मान्य रीतीनुसारच आखला होता, असं त्यात नोंदवलं. पण वाऱ्याचा स्थिर दाब मोजून भागत नाही, वाऱ्याने पूल हलायला लागल्यावर काय होतं ते वेगळं अभ्यासावं लागेल, हेही सांगितलं. म्हणजे एका माणसाऐवजी सगळ्या व्यवसायालाच जबाबदार धरलं, आणि त्या व्यवसायात चौकशी करणारे अमान स्वतःही आले. काही टीकाकारांना ही पळवाट वाटते. मला तसं वाटत नाही, कारण पुढे त्यांच्या पुलांवर जे घडलं ते पळवाट काढणाऱ्याचं वागणं नाही. व्हाइटस्टोनला आधी मनोऱ्यांपासून तिरके ताण दिले गेले, मग १९४६ मध्ये दोन्ही कडांना १४ फुटी कैच्या बसवल्या. ती नाजूक रेघ गेली. स्वतःच्या सर्वांत देखण्या पुलाला असं जाड होताना पाहणं सोपं नसणार.

त्याच १९४६ मध्ये चार्ल्स व्हिटनी यांच्याबरोबर 'अमान अँड व्हिटनी' ही फर्म निघाली. व्हिटनी काँक्रीटच्या पातळ कवचांचे जाणकार. सदुसष्टाव्या वर्षी नवी भागीदारी करायची, आणि तीही आपल्या हातचं नसलेलं काम जाणणाऱ्याशी, हा निर्णय मला या सगळ्यात फार शहाणपणाचा वाटतो. एमआयटीचं क्रेसगे सभागृह, न्यूयॉर्कच्या विमानतळावरचं टीडब्ल्यूए टर्मिनल, वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाची इमारत, या वास्तुशिल्पकार एरो सारिनेन यांच्या कल्पनांना उभं करणारं गणित या फर्मचं. ही व्हिटनींच्या विद्येची कामं. पुलांची बाजू अमान यांची: १९६१ मध्ये थ्रॉग्ज नेक, आणि १९६२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचा खालचा मजला. हा दुसरा मजला तीस वर्षांपूर्वीच त्यांनी आराखड्यात धरून ठेवला होता. केबल आणि मनोरे तो भार घेतील असेच बांधले होते. न्यूयॉर्ककरांनी जॉर्जच्या खालच्या या मजल्याला लगेच 'मार्था' (जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नीचं नाव) म्हणायला सुरुवात केली. तो उघडला २९ ऑगस्टला, क्वेबेकचा पूल पडल्याला त्या दिवशी बरोबर पंचावन्न वर्षं झाली.

मग व्हेराझानो-नॅरोज. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी, ब्रुकलिन आणि स्टेटन आयलंड यांना जोडणारा. काम सुरू झालं १९५९ च्या ऑगस्टमध्ये, अमान तेव्हा ऐंशी वर्षांचे. मधला गाळा ४,२६० फूट, म्हणजे गोल्डन गेटपेक्षा ६० फूट जास्त. हा विक्रम १९८१ मध्ये इंग्लंडच्या हंबर पुलाने मोडेपर्यंत टिकला. ६९३ फूट उंचीचे दोन मनोरे पायापेक्षा माथ्याशी दीड इंचाहून किंचित जास्त अंतरावर आहेत, कारण दोन्ही उभे ओळंब्यात आहेत आणि मधली पृथ्वी गोल आहे. उन्हाळ्यात केबल तापून लांबल्या की रस्ता हिवाळ्यापेक्षा बारा फुटांपर्यंत खाली येतो. वाचकाला हे आकडे चमत्कारिक वाटतात. अभियंत्याला ते रोजच्या हिशोबातले.

माझ्या मते या पुलात खरं पाहण्यासारखं त्याचं जाडपण आहे. सुरुवातीच्या वाहतुकीला एक मजला पुरला असता, तरी दोन्ही मजले एकमेकांना पक्के बांधून एक ताठ पेटी केली गेली आणि ती आधीच तयार केलेल्या साठ तुकड्यांत उचलून लटकवली. एकेक तुकडा सुमारे ४०० टनांचा. खालचा मजला वाहतुकीला खुला झाला १९६९ मध्ये, अमान गेल्यावर. पण वाऱ्यासाठी तो पहिल्या दिवसापासून कामाला होता. टॅकोमाच्या अहवालातली शिकवण पोलादात उतरली ती ही. व्हाइटस्टोन आखणाऱ्या साठीच्या अमान यांना असा पूल बोजड वाटला असता, असं मला वाटतं. ऐंशीच्या अमान यांनी वजन आणि सौंदर्य एकत्र बसवलं. प्रत्यक्ष कामाचा गाडा फर्ममधले मिल्टन ब्रूमर आणि त्यांची मंडळी ओढत होती, आणि म्हाताऱ्याने त्यांना तो ओढू दिला. निवृत्तीनंतर हात सोडवत नाहीत अशी माणसं पाहिली की याचीही किंमत कळते.

या पुलाची दुसरी बाजू अमान यांच्या स्मरणलेखांत सहसा येत नाही. ब्रुकलिनच्या बे रिज भागात पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यांसाठी सुमारे ७,००० माणसांची घरं गेली. तीन कामगार मेले, आणि सुरक्षिततेच्या जाळ्यांसाठी कामगारांना संप करावा लागला. रस्ता कुठून न्यायचा हे मोझेस यांनी ठरवलं, अमान यांनी नाही. तरी पूल त्यांचा म्हणायचा तर हेही त्यांच्या खात्यात येतं.

घर या काळात मॅनहॅटनच्या कार्लाइल हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होतं. तिथून दुर्बिणीने त्यांना आपले पूल दिसत. इतकी वर्षं एकही पूल पडला नाही, याचं कारण कुणी विचारलं तर ते नशीब म्हणत, आणि क्लारी लगेच तडकत: नशीब कसलं, हे डोकं आहे! थोरला मुलगा वेर्नर स्थापत्य अभियंता होऊन वडिलांच्या फर्ममध्ये आला. मार्गो डॉक्टर झाली, आणि पुढे वडिलांविषयी लोकांना सांगण्याचं काम मुख्यतः तिनेच केलं. पूल सगळ्या शहराला दिसतात, पण अबोल माणूस फक्त घरच्यांना ठाऊक असतो. अमान अबोल होते, जाहिरातबाजी त्यांना जमत नसे. त्यांच्या प्रतिस्पर्धी डेव्हिड स्टाइनमन यांना ती उत्तम जमे.

त्याचं फळ २१ नोव्हेंबर १९६४ ला दिसलं. व्हेराझानोच्या उद्घाटनात भाषण करताना मोझेस यांनी एका थोर आणि नेहमी दुर्लक्षिल्या जाणाऱ्या माणसाला उभं राहायला सांगितलं, हयात असलेला सर्वांत मोठा पूल-अभियंता म्हणून त्याचा गौरव केला, आणि नाव घ्यायचंच राहून गेलं. पंच्याऐंशी वर्षांचे अमान उठले, टाळ्या झाल्या, बसले. लिंडेनथालही पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत हडसनच्या पुलाचाच ध्यास घेऊन होते. १९३५ मध्ये गेले तेव्हा तो कागदावरच होता. गुरू-शिष्य दोघांनीही साठीनंतर काम थांबवलं नाही, पण एकाने आराखडा बदलला नाही आणि दुसऱ्याने बदलला.

अमान यांना १९६४ सालचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. २२ सप्टेंबर १९६५ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या राय इथे ते वारले. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या नावाचा पूल नाही. स्टोनी ब्रूक विद्यापीठात एक वसतिगृह आहे, जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या बस स्थानकात अर्धपुतळा आहे, आणि १९७९ मध्ये जन्मशताब्दीला व्हेराझानोपाशी पाटी लागली.

व्हाइटस्टोनच्या कैच्या मात्र कायमच्या ठरल्या नाहीत. २००३ पासून त्या उतरवल्या गेल्या आणि गर्डरच्या बाहेरून वारा कापणाऱ्या हलक्या, निमुळत्या कडा बसवल्या. केबलवरचं वजन कमी झालं, आणि वाऱ्याची व्यवस्था वजन न वाढवता झाली. १९४६ मध्ये हा उपाय कुणाच्या हाताशी नव्हता.